वाचायला शिकवणं वेगळं, गोष्ट वाचणं वेगळं

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेसहा वर्षांची, मराठी माध्यमात पहिली संपत आलेली. बाराखडी तोंडपाठ. रात्री आई गोष्ट वाचते तेव्हा पुस्तक मिटूच देत नाही. पण त्याच पुस्तकातली एक ओळ ‘आता तू वाच’ म्हणून पुढे केली की रडू, पोटदुखी, पळापळ. गोष्टींनी मुलांची भावनिक समज वाढते म्हणतात ते खरं का, तिला उशीर झालाय का, आणि हे रडणं थांबवायचं कसं?

आधी काय करायचं ते, कारणं मागाहून. रात्रीच्या पुस्तकातलं ‘आता तू वाच’ आजपासून बंद. वाचायला शिकवायचं ते संध्याकाळी, वेगळ्या जागी, वेगळ्या कागदावर, दहा मिनिटं. रात्री फक्त गोष्ट. हे वरवर किरकोळ वाटेल, पण तिन्ही प्रश्नांची गाठ इथेच बसलेली आहे.

आपण दोन्ही कामांना ‘वाचन’ असा एकच शब्द वापरतो आणि घोळ तिथून सुरू होतो. ओटावातल्या मोनिक सेनेशाल आणि जो-ॲन लफेव्र यांनी १६८ मुलांचा पाच वर्षं मागोवा घेतला. तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. घरात गोष्टीची पुस्तकं जितकी जास्त वाचली जात, तितका मुलांचा शब्दसाठा आणि ऐकून समजणं चांगलं. आईवडील जितकी अक्षरं शिकवत, तितकी सुरुवातीची अक्षरओळख चांगली. पण या दोन सवयींचा आपसात काही संबंध दिसला नाही. भरपूर गोष्टी वाचणारं घर अक्षरंही शिकवत असेलच असं नाही, आणि अक्षरं घोटून घेणाऱ्या घरात गोष्टी असतीलच असंही नाही. मेरी ॲन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी २००५ मध्ये गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रं पाहत होती, अक्षरांकडे क्वचित. ‘रोज वाचून दाखवते, तरी हिला वाचता का येत नाही’ या तक्रारीचं उत्तर एवढंच आहे. गोष्ट ऐकताना ती अक्षरं पाहतच नाही, आणि पाहावीत अशी अपेक्षाही नको.

गॉफ आणि टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र इथे कामाला येतं: वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखणं गुणिले ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक आकडा शून्याजवळ असला की दुसरा कितीही मोठा असून हाती काही लागत नाही. तुमच्या मुलीचा दुसरा आकडा उत्तम दिसतो. पहिला अजून लहान आहे. त्यामुळे रात्री जी गोष्ट ती आईबरोबर मोठ्या माणसासारखी अनुभवत असते, तीच गोष्ट ‘आता तू वाच’ म्हणताच तिला एकदम तान्ही करून टाकते. रडू त्याचं आहे.

आता बाराखडी. ‘तोंडपाठ आहे’ यावर विसंबू नका. पोस्टकार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यांवर कु, से, मि, टो, ली, दा, पै अशी सात-आठ अक्षरं लिहा आणि क्रम मोडून दाखवा. ‘कु’ पाहून ती मनात ‘क का कि की’ म्हणत तिथवर पोचत असेल, ओठ हलताना दिसत असतील, तर तिच्याकडे बाराखडीचं गाणं आहे, अक्षरं नाहीत. हे फार मुलांचं होतं. दोष त्यांचा नाही. चौतीस व्यंजनं गुणिले बारा म्हणजे चारशेच्या वर आकार, वर जोडाक्षरं निराळी. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की आपल्यासारख्या लिप्यांत अक्षरं पक्की व्हायला प्राथमिकची कितीतरी वर्षं लागतात. चौथीतही ते चालूच असतं. इंग्रजीची सव्वीस अक्षरं वर्षभरात संपतात, त्या घड्याळाने मराठी मुलाला मोजायचं नाही. पहिलीच्या शेवटी मात्रा-वेलांट्यांत अडखळणं म्हणजे उशीर नव्हे.

अडखळताना तिच्या डोक्यात काय चालतं ते एका शब्दावर पाहू. ‘पावसात’. ‘पा’ ओळखायला तीन सेकंद, ‘व’ला दोन, ‘सा’ला परत तीन, मग ‘त’. या वयाच्या मुलाला ऐकलेले आकडे त्याच क्रमाने परत म्हणायला सांगितले तर साधारण चार टिकतात, आणि तेही भराभर म्हटले तर. ‘त’पर्यंत येताना ‘पा’ निसटून गेलेला असतो. म्हणून ती ‘सात’ म्हणते किंवा चित्राकडे बघून ‘छत्री’ ठोकून देते. त्यात आई शेजारी बसून श्वास रोखून वाट बघते आहे, हे तिला दिसतंय. काळजीलाही त्याच तोकड्या जागेत बसावं लागतं. मायकेल आयझेंक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच, की चिंता लक्ष आणि तात्पुरती स्मृती खाते. प्रयोग बहुतेक मोठ्यांवरचे आहेत, पण सहा वर्षांच्या मुलीकडे खायला मुळात कमी असतं.

‘आधी गोडी लावा, वाचन आपोआप येईल’ हा सल्ला मात्र जपून घ्या. नेदरलँड्समधल्या साडेसात वर्षांच्या अकरा हजारांहून जास्त जुळ्यांचा अभ्यास एल्सये फान बर्गेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ओघ उलटा दिसला: ज्यांना वाचता येतं ती जास्त वाचतात. जास्त वाचल्याने कौशल्य वाढतं, हा भाग या वयात तरी दिसला नाही. गोडी राखायची ती रात्रीच्या गोष्टीत. संध्याकाळी कौशल्य.

त्या दहा मिनिटांत काय करायचं? पहिली दोन-तीन मिनिटं आठ पुठ्ठे: सहा येणारे, दोन नवे. दिसायला जवळची अक्षरं एका दिवशी आणायची नाहीत. ध-घ, भ-म, ट-ठ यांत किमान आठवड्याचं अंतर ठेवा. आधी काना, मग दुसरी वेलांटी, कारण ही दोन्ही चिन्हं अक्षराच्या मागे येतात आणि उच्चारही तसाच येतो. पहिली वेलांटी सर्वांत शेवटी. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, म्हणून मूल ‘दिवा’ला ‘इदवा’सारखं काहीतरी वाचतं. इलाज सोपा: तिच्यासमोर आधी ‘द’ काढा, म्हणा, मग डावीकडे वेलांटी ओढा आणि ‘दि’ म्हणा. चार-पाच दिवस असं पाहिलं की डोळा आधी अक्षराकडे जायला लागतो. ‘ख’ला ‘रव’ वाचलं तर हसू नका. छपाईत तो बहुतेक तसाच दिसतो.

पुढची चार मिनिटं पुठ्ठ्यांवरच्या अक्षरांचे शब्द. इथे मराठीचे दोन खड्डे आहेत, ज्यांत सुशिक्षित पालक हमखास पडतात, कारण त्यांना ते दिसेनासे झालेले असतात. पहिला: आपण लिहितो तसं बोलत नाही. ‘कमळ’मध्ये शेवटच्या ‘ळ’चा ‘अ’ आपण गिळतो, ‘चमचा’ तर ‘चम्चा’ म्हणतो. मूल प्रामाणिकपणे ‘क… म… ळ…’ पुरा उच्चार करतं आणि त्याला त्यात ओळखीचं कमळ ऐकूच येत नाही. दुसरा: ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार. ‘चार’मधला च निराळा, ‘चाक’मधला निराळा; ‘जेवण’ आणि ‘जाड’ यांचंही तेच. शाळेत एकच शिकवतात. म्हणून अक्षरं बरोबर लावल्यावर एक पायरी वाढवा: ‘आता भराभर म्हण. असा कुठला शब्द आपण बोलतो का?’ चुकलेलं अक्षर सुधारण्यापेक्षा या प्रश्नाने जास्त काम होतं.

शेवटची तीन-चार मिनिटं तिचीच वाक्यं. ती बोलते, तुम्ही मोठ्या अक्षरात लिहिता: ‘आज आजी आली. आजीने लाडू आणला.’ आशय तिला ठाऊक, शब्द तिचे, त्यामुळे स्मृतीवरचा भार निम्मा. दुसऱ्या दिवशी तोच कागद परत वाचायचा. पाठ झालं असेल म्हणून घाबरू नका. मधल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारा, लगेच कळतं.

अडली तर मनात तीनपर्यंत मोजा आणि शब्द सांगून टाका. ‘अगं, काल तर आलं होतं!’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्यातून तिला एवढंच कळतं की काल जमणं हे आज तिच्यावरचं कर्ज झालं. चुकलेले शब्द वहीत टिपा, तिला न दाखवता. उद्याचे दोन नवे पुठ्ठे त्यातून निघतात. दहा मिनिटं झाली की थांबायचं, छान चाललं असलं तरी. आणि शेवटचा शब्द नेहमी तिला येणारा.

आता रात्रीची गोष्ट आणि भावनिक समज. इथे दाव्यांचा पूर आहे, तेव्हा जरा गाळून घेऊ. सगळ्यांत गाजलेला प्रयोग न्यूयॉर्कजवळचा, ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांचा, १९८८चा. सुमारे तीस घरं, पावणेदोन ते तीन वर्षांची मुलं, चार आठवडे. अर्ध्या आईवडिलांना सांगितलं: वाचून दाखवण्यापेक्षा मुलाला बोलतं करा, त्याचं वाक्य थोडं वाढवून परत म्हणा. महिन्याभरात ही मुलं बोलण्याच्या चाचण्यांत कित्येक महिने पुढे गेली. पण २००८ मध्ये सुझान मोल आणि सहकाऱ्यांनी असे सोळा अभ्यास एकत्र तपासले तेव्हा चार-पाच वर्षांच्या मुलांत परिणाम बराच कमी निघाला. २०१९ मध्ये नोबल आणि सहकाऱ्यांचा हिशोब आणखी थंड होता: तुलनेच्या गटालाही दुसरं काही चांगलं काम दिलं असेल तर फरक जवळजवळ शून्यावर येतो. म्हणजे ‘रोज वीस मिनिटं’ यात जादू नाही. शिवाय हे सगळं भाषेबद्दल आहे. भावनेबद्दल बोलताना लोक २०१३चा किड आणि कस्तानो यांचा साहित्य आणि सहवेदनेवरचा प्रयोग पुढे करतात. तो प्रौढांवरचा होता, आणि पुढे इतरांनी तो करून पाहिला तेव्हा निकाल टिकला नाही.

कामाचा पुरावा दुसरीकडे आहे. इटलीत व्हेरोनिका ओर्नागी, इलारिया ग्रात्सानी आणि सहकाऱ्यांनी सात वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या, २०१४चा अभ्यास. गोष्टी त्याच. एका गटाने नंतर पात्रांच्या भावनांवर गप्पा मारल्या, दुसऱ्याने चित्र काढलं. भावना समजण्यात पुढे गेला तो गप्पांचा गट. आणि गप्पा म्हणजे आईने समजावून सांगणंही नव्हे. टोरोंटोत पेस्किन आणि ॲस्टिंग्टन यांनी २००४ मध्ये एका गटाच्या गोष्टींत ‘त्याला वाटलं’, ‘तिला माहीत नव्हतं’ अशी वाक्यं मुद्दाम पेरली. ती मुलं असे शब्द वापरायला लागली खरी, पण पात्राची चुकीची समजूत समजावून सांगण्यात सरस ठरली ती साधी गोष्ट ऐकलेली मुलं. त्यांना ते चित्रावरून स्वतः जुळवावं लागलं होतं. आयतं दिलं की मूल तोंडाने घेतं, डोक्याने घेत नाही.

आपल्याकडे यासाठी भोपळ्यातल्या म्हातारीइतकं उत्तम साधन नाही. लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा, असं सांगून म्हातारी सुटते आणि परत येताना भोपळ्यात बसते. वाघ वाटेत थांबलेला. इथे पुस्तक जरा खाली धरा आणि विचारा: ‘भोपळ्यात कोण आहे असं वाघाला वाटतंय?’ सहा वर्षांचं मूल बहुतेक बरोबर सांगतं, त्याला नाही माहीत. मग दुसरा प्रश्न: ‘भोपळा गडगडत आला तेव्हा वाघाला कसं वाटलं?’ आणि तेच मूल म्हणतं, ‘खूप आनंद झाला, आता म्हातारी खायला मिळणार!’ विसंगती तुम्हाला दिसते, त्याला दिसत नाही. फ्रान्समध्ये ब्रादमेत्झ आणि श्नायडर यांनी १९९९ मध्ये लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीवर हेच दाखवलं: बिछान्यात लांडगा आहे हे तिला ठाऊक नाही असं मुलं सांगत, आणि लगेच, ती घाबरली आहे असंही सांगत. दुसऱ्याची समजूत ओळखणं आधी येतं, त्या समजुतीतून त्याची भावना काढणं बरंच मागाहून. पॉन्स, हॅरिस आणि द रोने यांच्या २००४च्या तपासणीतही पायऱ्या अशाच होत्या: पाचच्या आसपास बाहेरून दिसणारी कारणं, सातच्या आसपास इच्छा, समजूत आणि लपवलेली भावना, नऊनंतर मिश्र भावना. तुमची मुलगी नेमकी मधल्या उंबऱ्यावर आहे. ‘सासरी जाताना नवरीला एकाच वेळी आनंद आणि दुःख कसं होतं?’ हा प्रश्न तिला आत्ता विचारू नका, वाघाचा विचारा.

तिचं उत्तर चुकलं तर दुरुस्त करायचं नाही. ‘हो? पण त्याला ठाऊक होतं का आत कोण आहे?’ एवढं म्हणून गप्प बसा. पाच-सहा सेकंद. हे गप्प बसणं मोठ्या माणसाला फार जड जातं. ती काहीच बोलली नाही तर पुढे वाचा. चार दिवसांनी तीच गोष्ट परत मागेल तेव्हा स्वतःच म्हणेल. पहिल्या वाचनात प्रश्नच नकोत, नंतर एका वेळी तीनच्या वर नकोत, आणि ‘यातून काय शिकलो?’ हा प्रश्न तर कधीच नको.

भाषाही इथे मदतीला आहे. ‘वाटणं’ हे क्रियापद पाहा: ‘मला वाईट वाटलं’ आणि ‘मला वाटलं तू आलास’. भावना आणि समजूत दोन्ही एकाच शब्दात, आणि दुसऱ्या वाक्यात समजूत चुकीची निघाल्याची छटाही. म्हणून विचारताना ‘वाघाला काय वाटलं?’ आणि ‘वाघाला कसं वाटलं?’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. एका दमात विचारले तर मूल दोन्हींची सरमिसळ करतं.

पिवळ्या चेहऱ्यांचे तक्ते आणून आनंदी-दुःखी-रागावलेला शिकवण्यात वेळ घालवू नका. ते तिला तीन वर्षांपूर्वीच येत होतं. तिला द्यायचे ते बारीक शब्द: हिरमुसणं, ओशाळणं, भांबावणं, हेवा, चुटपुट, हायसं वाटणं, रुसणं. रुसणं म्हणजे नुसतं रागावणं नाही. रुसणाऱ्याला कुणीतरी समजूत काढायला यावं असं वाटत असतं, आणि हे कळणं ही चांगलीच वरची पायरी आहे. आठवड्याला दोन शब्द पुष्कळ झाले. शब्द आधी गोष्टीतल्या पात्रासाठी वापरा, मग दोन-तीन दिवसांनी स्वतःसाठी (‘बस सापडली तेव्हा हायसं वाटलं’), तिच्यासाठी सगळ्यात शेवटी. ती रडत असताना ‘तू हिरमुसलीस ना?’ चालू करू नका. नाव दिल्याने भावना निवते हा लीबरमन यांचा २००७चा मेंदूतपासणीचा निष्कर्ष यंत्रात पडून छायाचित्रं बघणाऱ्या प्रौढांचा आहे. रडत्या मुलीला पाणी आणि मांडी पुरते, शब्द जेवताना.

तीन महिने रोज हे करूनही साधे दोन अक्षरी, काना असलेले शब्द लागत नसतील, ‘मासा’ आणि ‘माठ’ यांची सुरुवात सारखी आहे हे कानाला कळत नसेल, किंवा घरात कुणाला वाचनाची अडचण होती, तर तज्ज्ञांना दाखवा. त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या, तेही शाळेतल्या तक्त्यावर न थांबता. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच, अशी अट २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत होती, पण मदत सुरू करायला प्रमाणपत्र लागत नाही. मधल्या काळात घरच्या घरी पातळी पाहायची तर ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेच्या ‘असर’ या वाचन-गणित सर्वेक्षणाचा मराठी कागद मोफत मिळतो: पाचपैकी चार अक्षरं, मग पाचपैकी चार शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट. महिन्यातून एकदा, त्याहून जास्त नाही.

पोटदुखीचं राहिलं. ती रविवारी सकाळी असते का, हे दोन आठवडे लिहून ठेवा. रोजच असेल तर डॉक्टर. फक्त शाळेच्या दिवशी असेल तर वर्गात तिला उभं करून वाचायला लावतात का, हे बाईंना विचारा, तक्रारीच्या सुरात नको. आणि एक विनंती करा: कुठल्या दोन ओळी वाचायला देणार ते आदल्या दिवशी सांगा. त्या दोन ओळी संध्याकाळच्या दहा मिनिटांत बसतात.